काशींत उतरावें कोठें?

पाऊस सरला, नवरात्र आटोपलें, कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग पालटतो. लोणच्याचें प्रमाण आणि मुलांचे अभ्यास मागें पडतात व प्रवासाचे प्रश्न पुढें येतात. यंदा त्यांत काशीबद्दलचीं पत्रें इतकीं आलीं कीं, प्रत्येकास निराळें उत्तर लिहिण्यापेक्षां या महिन्याचें हें सदरच त्या कामीं लावावें असें आम्हीं ठरविलें. दर्शन कसें घ्यावें, श्राद्धविधि कोठें करावे, हें विचारणारे थोडे. उतरावें कोठें, हें विचारणारे पुष्कळ.

आमच्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न पडत नसे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या बाजूस महाराष्ट्रीय ब्राह्मणांची वस्ती पिढ्यान् पिढ्यांची. गाडींतून उतरावें, आपल्या क्षेत्रोपाध्यायांची ओसरी गांठावी, त्यांच्या चोपडींत पणजोबांची सही पाहून डोळे पुसावे, आणि त्यांच्याच चौकांत पथारी टाकावी. नाथमहाराजांनीं भागवतावरील आपली टीका १५७३ सालीं पुरी केली ती काशींतच. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला आलेले गागाभट्टही तेथलेच. तेव्हां काशी ही आपल्याला परक्याची नगरी कधींच वाटली नाहीं. ती जुनी सोय आज अगदींच संपली आहे असें नव्हे. परंतु आज यात्रेला निघणाऱ्या घरांत आजी असते, तिचे दोन मुलगे व सुना असतात, कॉलेजांतलीं नातवंडें असतात. एकीला स्वतंत्र न्हाणीघर हवें, दुसऱ्याला पाश्चात्य पद्धतीचा शौचकूप हवा, तिसऱ्याला संध्याकाळीं कचेरीचें काम उरकावयाला इंटरनेट हवें. धर्मशाळेंत हें साधत नाहीं. छावणीच्या भागांतील मोठ्या हॉटेलांत सर्व कांहीं साधतें, पण तेथून गंगा चार-पांच किलोमीटर दूर. खिडकींतून दिसतो तो बगीचा आणि मोटारींचा तळ. तो बगीचा पाहावयाला काशीस जाण्याचें कारण नाहीं.

म्हणून मंडळींचा ओढा मधल्या प्रकाराकडे असतो, आणि आमचाही आहे. जुनी दगडी हवेली, आंत चौक, वर गच्ची, जमल्यास नदीकडे एखादी खिडकी, आणि भाडें आपल्या पिशवीला झेपेल असें. दोन माणसांच्या खोलीस रात्रीं दोन ते पांच हजार रुपये, ही आमची मध्यमपणाची व्याख्या. ज्याची त्यानें ती आपल्या ऐपतीप्रमाणें बदलून घ्यावी. अशीं घरें काशींत पुष्कळ आहेत. अडचण घरें मिळण्याची नसून निवडण्याची आहे.

तीं निवडण्यापूर्वीं शहराची ठेवण समजून घ्यावी. गंगा येथें उत्तरवाहिनी आहे. दक्षिणेस असी, उत्तरेस वरुणासंगम, आणि त्यांच्या दरम्यान पश्चिम तीरावर चंद्रकोरीसारखें वळलेलें शहर. समोरच्या तीरावर वस्ती नाहीं, नुसती रेती. त्यामुळें घाटावरील कोणत्याही घराच्या पूर्वेकडील खिडकींतून सूर्योदय अडथळ्यावांचून दिसतो, आणि हॉटेलवाले त्या खिडकीचे पैसे घेतात तेही उगीच नव्हे. घाट चौऱ्यायशीं, आणि घाटांच्या पाठीमागें गल्ल्या. दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें भिंतीला चिकटावें, आणि बैल आला तर दोघांनींही, अशा त्या गल्ल्या आहेत. गोदौलियाच्या चौकापासून पुढें गर्दीच्या वेळीं मोटार सोडीत नाहींत. याचा अर्थ असा कीं, ‘घाटावर असणें’ आणि ‘मोटारीच्या वाटेवर असणें’ हे दोन गुण एकाच घराच्या ठिकाणीं क्वचितच नांदतात. जाहिरातींत पहिल्याचा उल्लेख असतो, दुसऱ्याचा नसतो.

हें शहाणपण आम्ही पैसे मोजून शिकलों, आणि त्यांतला मोठा हिस्सा पैशांचा नव्हता.

आमच्या काकू तेव्हां शहात्तर वर्षांच्या होत्या. आम्हां सहा भावंडांचीं आजारपणें, मुंजी, पुढें आमच्या बायकांचीं बाळंतपणें, सर्व त्यांच्या हातून पार पडलीं. स्वतःसाठीं त्यांनीं कधीं कांहीं मागितल्याचें आम्हांस आठवत नाहीं, एकदांच म्हणाल्या, "काशीस पांच दिवस राहावें आणि रोज गंगेंत स्नान करावें, एवढें मनांत आहे." त्यांचे गुडघे दुखत, हें आम्हांस ठाऊक होतें. तरी घर निवडतांना आम्ही सगळे मोबाईलच्या पडद्याभोंवतीं जमलों आणि भुललों तें एका झरोक्याला. कोरीव दगडी कमान, तींत पितळी घंगाळ, घंगाळांत झेंडूचीं फुलें, आणि पलीकडे सोन्यासारखी गंगा. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. उंचावरून देखावा अधिक चांगला म्हणून आम्हीं तीच मुद्दाम मागून घेतली.

प्रत्यक्षांत मोटारीनें आम्हांस गोदौलियाच्या अलीकडे सोडलें. तेथून बोळांतून पायीं वीस मिनिटें, आणि काकूंच्या पायांनीं पन्नास. हॉटेलाच्या दारांत पोंचलों तों पुढें जिना. बनारसी हवेलीचा जिना ज्यानें पाहिला असेल त्याला अधिक सांगणें नको: अंधारा, अरुंद, एकेक पायरी गुडघ्याएवढी, आणि हाताला धरावयाला कांहीं नाहीं. आम्हीं त्या मोजल्या, अठ्ठावन्न भरल्या. लिफ्ट "लवकरच होणार" होती. काकू दोन वेळां मध्येंच बसल्या आणि अर्ध्या तासानें वर आल्या. वर आल्यावर तो झरोका मात्र फोटोंतल्यासारखाच होता, अगदीं झेंडूसकट.

त्या पांच दिवसांत काकू दोनदांच खालीं उतरल्या. दुसऱ्या वेळीं दोघां हमालांनीं त्यांना खुर्चींतून नेलें, तेव्हां संकोचानें त्यांनीं पदर तोंडावर ओढून घेतला होता. बाकीच्या दिवशीं पहाटे उठून त्या खिडकीशीं बसत आणि खालीं लोक स्नान करीत तें पाहत जप करीत. चौथ्या दिवशीं आम्हीं विचारलें, "काकू, बरें वाटतें ना येथें?" त्या हंसून म्हणाल्या, "गंगा दिसते रे चांगली. हाताला मात्र लागत नाहीं."

हॉटेलवाल्याला आम्ही दोष देत नाहीं. त्यानें एक अक्षरही खोटें लिहिलें नव्हतें. लिफ्ट आहे असें तो म्हणाला नव्हता, आणि आम्हीं विचारलें नव्हतें. सूनबाईंनीं परतीच्या गाडींत हें बोलून दाखविलें, त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

आतां भागांविषयीं. आम्ही कोणत्याही हॉटेलाचें नांव येथें देणार नाहीं. मालक बदलतात, स्वयंपाकी बदलतात, आणि गेल्या वर्षींचें चांगलें घर यंदा चांगलें राहतेंच असें नाहीं. भाग मात्र सहसा बदलत नाहींत.

वृद्ध माणसें बरोबर असतील तर आम्ही असीघाटाच्या बाजूस मत देऊं. दक्षिणेचें हें टोंक मोकळें आहे, मोटार घाटाच्या बरीच जवळ येते, संकटमोचन, दुर्गाकुंड आणि १९१६ सालीं स्थापन झालेलें हिंदु विश्वविद्यालय याच अंगाला. पहाटे घाटावर आरती आणि गायन असतें. ‘सुबह-ए-बनारस’ या नांवानें हा उपक्रम २०१४ सालापासून चालू आहे. विश्वनाथाचें मंदिर मात्र येथून सुमारें तीन किलोमीटर. नावेनें गेल्यास तें अंतर दुःखाचें न राहतां सुखाचें होतें. असीच्या थोडें उत्तरेस शिवाला आणि त्यापुढें केदारघाट. केदारघाटाच्या आसपास दाक्षिणात्यांची जुनी वस्ती आहे, त्यामुळें सकाळीं चांगली इडली आणि कॉफी मिळते, ही गोष्ट आठ दिवस पुरी-कचोरी खाल्ल्यावर फार मोलाची वाटते. मात्र याच पट्ट्यांत हरिश्चंद्रघाट आहे. तेथें आणि मणिकर्णिकेवर चिता अहोरात्र जळतात. काशीला जाऊन मरणाकडे पाठ फिरवावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु घरांत नुकतेंच दुःख झालेलें असेल, किंवा लहान मूल धुरानें खोकत असेल, तर खोली घेण्यापूर्वीं खिडकी कोणीकडे उघडते हें विचारलेलें बरें. आमच्या एका स्नेह्यांनीं मणिकर्णिकेलगतच मुद्दाम खोली घेतली होती, वडील गेल्याच्या दुसऱ्या वर्षीं, आणि तेथें त्यांना शांत झोंप लागली असें ते सांगतात. ज्याचें त्याला ठाऊक.

मध्यभागीं दशाश्वमेध, मानमंदिर, मीरघाट. ज्यांना विश्वनाथाची मंगला आरती साधावयाची आहे त्यांनीं येथेंच राहावें. ती पहाटे तीनच्या सुमारास असते, आणि असीहून त्या वेळीं निघणें म्हणजे रात्रभर जागणेंच. मंदिरांत मोबाईल नेतां येत नाहीं. तो खोलीवर ठेवून चालत जातां येणें, हीही जवळ राहण्याची एक सोय. आजचें मंदिर अहल्याबाई होळकरांनीं १७८० सालीं बांधविलें, आणि त्याच्याभोंवतींचा मोकळा प्रशस्त मार्ग १३ डिसेंबर २०२१ रोजीं खुला झाला. तेव्हांपासून गर्दी पुष्कळच वाढली आहे. दशाश्वमेधावरील संध्याआरती पाहण्याजोगी खरी, पण ध्वनिक्षेपकाच्या समोरच खोली असेल तर ती रोज ऐकावी लागते. याच भागांत, मुनशीघाटालगत, नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर नारायण यांनीं बांधविलेला व पुढें दरभंग्याच्या महाराजांनीं विकत घेतलेला वाडा आहे. त्याचें आज हॉटेल झालें आहे. तें आमच्या व्याख्येंत बसत नाहीं. नावेंतून पाहावें आणि पुढें जावें.

उत्तरेकडे शिंदेघाट, भोसलेघाट, पंचगंगा, ब्रह्माघाट. येथें पावलोंपावलीं आपली माणसें भेटतात, निदान त्यांच्या नांवाचे दगड तरी भेटतात. शिंदेघाटाशीं पाण्यांत कललेलें रत्नेश्वराचें देऊळ, पंचगंगेवर अहल्याबाईंच्या नांवानें ओळखला जाणारा दगडी दीपस्तंभ, कार्तिकांत वेळूच्या टोंकाशीं टांगलेले आकाशदिवे. कानावर मराठी शब्द पडतो. आम्हांस स्वतःला हा भाग सर्वांत आवडतो. पण घाट उभे आहेत आणि गल्ल्या खोल आहेत, म्हणून तो आम्ही तरुण जोडप्यांना आणि धडधाकट पायांच्या माणसांनाच सुचवितों.

घराच्या आंतली पारख आपल्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला फारशी शिकवावी लागत नाहीं. चौक मोठा असेल तर खालच्या खोल्यांत उजेड असतो. चौकावर कांच घालून तो बंद केला असेल तर उन्हाळ्यांत भट्टी होते. "नदीचा देखावा" हे शब्द दोन अर्थांनीं वापरतात: एक, खोलींतून गंगा दिसते, दुसरा, गच्चीवर गेल्यास दिसते. दुसऱ्या अर्थानें पहिल्याचें भाडें देऊं नये. सज्जाला जाळी आहे कीं नाहीं हें अवश्य पाहावें, कारण काशींतलीं माकडें उघड्या सज्जावरचा चष्मा, पोथी, वाळत घातलेलें सोंवळें, यांत भेद करीत नाहींत. डिसेंबर-जानेवारींत थंडी चांगलीच असते आणि दगडी भिंती ती धरून ठेवतात. तेव्हां गरम पाणी दिवसभर मिळतें कीं ठराविक वेळीं, हें विचारावें. स्वयंपाक शाकाहारी पुष्कळ ठिकाणीं असतो; कांदा-लसूण वर्ज्य हवी असेल तर आदल्या दिवशीं सांगितल्यास बहुधा कोणी नाहीं म्हणत नाहीं. मुलांसाठीं एक: थंडींत सकाळीं मिळणारा ‘मलइयो’ हा दुधाचा केशरी फेंस त्यांना जरूर खाऊं घालावा. तो उन्हें चढतांच विरतो, म्हणून हॉटेलाच्या न्याहारीची वाट पाहत बसूं नये.

काळवेळेचा विचार स्वतंत्रच करावा लागतो. श्रावण-भाद्रपदांत गंगा चढते. धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर धरली आहे. १९७८ सालीं पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत गेलें होतें, आणि २०२५ च्या ऑगस्टांतही तें धोक्याच्या रेषेवर गेलेंच. अशा वेळीं घाटावरून घाटावर जाण्याची वाट बुडते, नावा बंद होतात, आरती गच्चीवर होते. घाटावरच्या हॉटेलाला समोरचें दार उरत नाहीं. मागच्या गल्लींतून वाट आहे का, हें पावसाळ्यांत जाणाऱ्यानें विचारावें. पूर ओसरल्यावर खालच्या पायऱ्यांवर गाळाचे थर बसतात आणि ते पाण्याच्या फवाऱ्यानें धुऊन काढण्याचें काम पुढें बरेच दिवस चालतें. आश्विनांत जाणाऱ्याला फोटोंतल्या स्वच्छ पायऱ्या नेहमींच दिसतील असें नाहीं. कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळी. त्या रात्रींचें भाडें आमच्या व्याख्येच्या कित्येक पट होतें, आणि पैसे देऊनही खोली मिळतेच असें नाहीं. ज्यांना दिवे पाहावयाचे त्यांनीं कित्येक महिने आधीं ठरवावें. ज्यांना काशी पाहावयाची त्यांनीं त्यानंतर आठ-दहा दिवसांनीं जावें. पौषांत धुक्यानें गाड्या तासन् तास उशिरां पोंचतात, म्हणून पहिल्या रात्रींची खोली रद्द करतां येण्याजोगी घ्यावी. स्टेशनांचीं नांवेंही बदललीं आहेत: मुगलसराईचें २०१८ सालीं दीनदयाळ उपाध्याय झालें, तें गंगेपलीकडे आहे, मंडुवाडीहचें २०२१ सालीं बनारस झालें. तिकिटावर कोणतें नांव आहे तें पाहून मगच हॉटेलवाल्याला न्यावयास बोलवावें. स्टेशनाबाहेर "तें हॉटेल बंद पडलें, दुसरें दाखवितों" असें सांगणारा रिक्षावाला भेटला तर त्याच्याशीं वाद न घालतां हॉटेलाला फोन करावा.

राहतां राहिला फोन. मोबाईलवर तारे मोजून आणि प्रवाशांचे अभिप्राय वाचून थोडी कल्पना येते, नाहीं असें नाहीं. त्यांतले स्तुतीचे अभिप्राय सोडून तक्रारीचे आधीं वाचावे. "गल्ली सांपडत नाहीं" ही तक्रार तरुणानें केली असेल तर तुमच्या आजींसाठीं तिचा अर्थ निराळा होतो. पण शेवटीं मालकाशीं किंवा व्यवस्थापकाशीं बोलल्याशिवाय आगाऊ पैसे भरूं नयेत. मोटार जेथें थांबते तेथपासून खोलीच्या दारापर्यंतचा व्हिडिओ मागावा. देणारा देतो. जो "आपण या तर खरें" म्हणून टाळतो, त्याच्याकडे आम्ही जात नाहीं.

दोन वर्षांनीं माघांत आम्ही पुनः काशीस गेलों तेव्हां असें बोलून घेतलें होतें. असीच्या बाजूस एक लहानसें दुमजली घर होतें. रस्त्यापासून तळमजल्याच्या खोलीपर्यंत पायऱ्या किती, असें विचारलें. पलीकडच्या गृहस्थांनीं "एक मिनिट" म्हणून फोन ठेवला आणि ते स्वतः मोजून आले. "नऊ," म्हणाले, "आणि कठडा आहे." आम्हीं त्याच फोनवर खोली पक्की केली. तिला गंगेकडे खिडकी नव्हती. एक होती ती चौकांत उघडे. चौकांत तुळस, एक हातपंप, आणि दुपारीं झोंपणारें एक मांजर. सूनबाई पहिल्या दिवशीं थोड्या हिरमुसल्या. नातवंडें गच्चीवर जाऊन सूर्योदय पाहून आलीं आणि तिथेंच रमलीं.

काकू पांचही दिवस सूर्योदयाआधीं थोरल्या नातवाच्या खांद्यावर हात ठेवून घाटावर गेल्या. पहिल्या दिवशीं पाणी फार गार लागलें म्हणून ओरडल्या, आणि दुसऱ्या दिवशीं आमच्या आधीं उठून बसल्या. शेवटच्या दिवशीं पितळी गडू त्यांनीं स्वतः भरला, कोणाच्या हातीं दिला नाहीं, आणि त्या नऊ पायऱ्या एका हातानें कठडा धरून चढून आल्या. कासारानें त्याला झांकण डांकून दिलें. तो गडू दोन वर्षें आमच्या देवघरांत होता. काकूंच्या शेवटच्या दिवशीं तो उघडला.